स्विफ्टशुअर या ब्रिटिश युद्धनौकेचे चित्र सोलापूरच्या घरात कसे आले असावे?

बाळीवेस, सोलापूर

सर्व जाणकारांना नमस्कार. गड्ड्याची यात्रा तोंडावर आली म्हणून दरवर्षीप्रमाणे आम्ही घराची साफसफाई काढली होती. माळ्यावरच्या लोखंडी पेटीत, जुन्या सोलापुरी चादरीच्या तुकड्यात गुंडाळलेल्या दोन वस्तू हाती लागल्या. पहिली वस्तू म्हणजे ताऱ्याच्या आकाराचे, काळवंडलेले एक पदक. दुसरी म्हणजे पोस्टकार्डाच्या आकाराचे एका जहाजाचे छायाचित्र. चित्राखाली इंग्रजीत ‘एच. एम. एस. स्विफ्टशुअर’ असे छापलेले आहे. मागच्या बाजूला मोडी लिपीत दोन-अडीच ओळी असून त्यांची शाई तपकिरी झाली आहे. टपालाचा शिक्का कोठेही नाही.

या वस्तू माझ्या सासऱ्यांच्या आजोबांच्या आहेत. मामंजी आता ७७ वर्षांचे आहेत आणि ‘आमचे आजोबा पहिल्या महायुद्धात लढाऊ जहाजावर होते’ हे वाक्य ते आम्हाला नेहमी सांगत आले आहेत. आजोबा १९१४ साली मुंबईहून बोटीने गेले आणि पायाला गोळी लागून वर्षभराने परत आले, एवढेच घरात ठाऊक आहे. कुलवृत्तान्ताची नवी आवृत्ती निघणार असल्यामुळे ही हकीकत आता छापली जाईल. एकदा छापलेले पुढच्या पिढ्या खरे धरून चालतात, म्हणून तत्पूर्वी तिची खातरजमा व्हावी असे मला मनापासून वाटते.

हे जहाज केव्हाचे, १९१४ साली ते कोठे होते, आणि सोलापूर जिल्ह्यातला एक शेतकऱ्याचा मुलगा त्यावर असणे शक्य आहे का, हे माझे प्रश्न आहेत. चित्रात दोन जाड धुराडी, दोन डोलकाठ्या आणि मधोमध माना वाकवून उभे असलेले दोन उंच खांब दिसतात.

कंबर तलाव, सोलापूर

नमस्कार. आपण वर्णन केलेल्या वाकलेल्या मानेच्या खांबांवरून ओळख पक्की होते. त्या याऱ्या आहेत. जहाजावरच्या होड्या पाण्यात उतरवण्यासाठी आणि वर घेण्यासाठी त्या वापरल्या जात. बगळ्याच्या मानेसारख्या वळलेल्या या याऱ्या स्विफ्टशुअर आणि तिची जुळी बहीण ट्रायम्फ या दोघींची खूण होती.

ही नौका मुळात ब्रिटनसाठी बांधलीच नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी चिली आणि अर्जेंटिना यांच्यात सीमेवरून तणाव होता आणि दोन्ही देश चढाओढीने युद्धनौका विकत घेत होते. अर्जेंटिनाने इटलीत चिलखती क्रूझर बांधायला दिल्या, तेव्हा चिलीने त्यांना तोड म्हणून इंग्लंडमध्ये दोन युद्धनौका मागवल्या. त्यांचा आराखडा सर एडवर्ड रीड यांचा होता. एल्स्विक येथे आर्मस्ट्राँग कंपनीने बांधलेलीचे नाव ‘कॉन्स्टितुसिओन’, तर बॅरो येथे विकर्स कंपनीने बांधलेलीचे नाव ‘लिबेरताद’ असे ठरले होते. चिलीतील तालकाउआनो बंदराच्या कोरड्या गोदीत मावायला हव्यात म्हणून दोघींची रुंदी मर्यादित ठेवावी लागली आणि त्या लांबट व अरुंद झाल्या.

कॉन्स्टितुसिओन १२ जानेवारी १९०३ रोजी पाण्यात उतरली, पण तोवर दोन्ही देशांनी मे १९०२ मध्ये करार करून शस्त्रस्पर्धा थांबवली होती, त्यामुळे अर्धवट बांधलेल्या या नौकांना गिऱ्हाईक शोधणे भाग पडले. रशिया त्या घेईल अशी धास्ती निर्माण झाली. रशिया आणि ब्रिटनचा मित्र जपान यांच्यात युद्धाची चिन्हे दिसत होती, म्हणून ब्रिटिश सरकारने ३ डिसेंबर १९०३ रोजी दोन्ही नौका स्वतःच विकत घेतल्या आणि त्यांची नावे बदलून स्विफ्टशुअर आणि ट्रायम्फ अशी ठेवली. अर्जेंटिनाच्या दोन क्रूझर जपानने घेतल्या. त्याच पुढे ‘निशिन’ आणि ‘कासुगा’ झाल्या.

हा जन्मवृत्तान्त मी सविस्तर सांगतो, कारण नौकेचे पुढचे सारे आयुष्य त्यावरून ठरले. ब्रिटिश आरमाराच्या मोठ्या युद्धनौकांवर त्या काळी १२ इंची तोफा असत आणि त्यांचा एक गोळा सुमारे ३८५ किलो वजनाचा असे. स्विफ्टशुअरच्या चार मुख्य तोफा १० इंची होत्या आणि त्यांचा गोळा सुमारे २२७ किलोंचा होता. जोडीला साडेसात इंची चौदा तोफा होत्या. बाजूचे चिलखत सात इंच जाडीचे होते, म्हणजे तेही इतरांपेक्षा पातळ. तिचा वेग मात्र तासाला १९ सागरी मैलांच्या पुढे होता आणि तो त्या काळच्या युद्धनौकांत चांगला समजला जाई. बलाढ्य शत्रूसमोर रांगेत उभे राहण्यास ती कमी पडे, पण दूरच्या समुद्रात वेगाने जाऊन एखाद्या क्रूझरला भारी पडण्याइतके बळ तिच्या अंगी होते.

जून १९०४ मध्ये ती सेवेत दाखल झाली. पहिली काही वर्षे तिने मायदेशाच्या ताफ्यात आणि इंग्लिश खाडीच्या ताफ्यात काढली. त्यात जून १९०५ मध्ये तिची तिच्या बहिणीशीच टक्कर होऊन मागच्या भागाचे नुकसान झाले. डिसेंबर १९०६ मध्ये ‘ड्रेडनॉट’ ही नव्या धर्तीची ब्रिटिश युद्धनौका सेवेत आली आणि तिच्या आधीच्या सर्वच युद्धनौका एका फटक्यात जुन्या ठरल्या. १९०९ ते १९१२ स्विफ्टशुअर भूमध्य समुद्रात होती. त्यानंतर दुरुस्ती होऊन २६ मार्च १९१३ पासून ती ईस्ट इंडीज स्टेशनची, म्हणजे हिंदी महासागरातील ब्रिटिश आरमाराची ध्वजनौका झाली. रिअर अॅडमिरल पीअर्स यांचा ध्वज तिच्यावर फडकत होता.

आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर येथे येते. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९१४ या काळात स्विफ्टशुअरचे काम होते मुंबईहून एडनकडे निघालेल्या, हिंदी फौजेने भरलेल्या बोटींना संरक्षण देणे. तेव्हा समुद्रात खरोखरच धोका होता. जर्मन क्रूझर ‘एम्डेन’ने २२ सप्टेंबरच्या रात्री मद्रासच्या तेलाच्या टाक्या पेटवल्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला ‘क्योनिग्सबर्ग’ने २० सप्टेंबरला झांजीबार येथे ‘पेगासस’ ही ब्रिटिश क्रूझर बुडवली होती. फौजेच्या बोटी म्हणजे भाड्याने घेतलेली साधी प्रवासी आणि मालवाहू जहाजे. त्यांच्यात माणसे, घोडे, खेचरे, दारूगोळा असे सारे काही दाटीवाटीने भरलेले असे. मुंबई ते एडन हे अंतर साधारण १,६५० सागरी मैल. ताफ्याला सर्वांत संथ बोटीच्या चालीने जावे लागे, म्हणजे तासाला दहा मैल धरले तरी सात दिवस. एवढ्या काळात एम्डेनसारखे एक जहाज जरी अशा ताफ्यात घुसले असते, तरी किती घरांना पुत्रशोक झाला असता याची कल्पना करावी.

आपल्या घराण्यातील आजोबा स्विफ्टशुअरचे खलाशी किंवा तोफखान्यातले असण्याचा संभव जवळजवळ नाही, कारण या नौकांवरचा वर्ग ब्रिटिश आरमाराचा असे. ते फौजेच्या बोटीवर असणार आणि लढाऊ जहाज सोबतीला असणार. ‘जहाजाबरोबर’ या शब्दाचे तीन पिढ्यांच्या तोंडी ‘जहाजावर’ होणे सहज शक्य आहे. पदकावर कोणता आकडा आहे आणि मागे काय कोरले आहे, ते कृपया पाहावे. मोडीतल्या ओळीही येथे द्याव्यात.

पदकसंग्राहक, बार्शी

कंबर तलाव यांच्या सूचनेला थोडी पुस्ती जोडतो. पदक ब्रासो किंवा चिंच लावून घासू नये. मागच्या बाजूची अक्षरे ठशाने उमटवलेली असतात आणि घासल्याने ती कायमची झिजतात. कोरड्या मऊ कापडाने पुसून, दिवा तिरका धरून वाचावे.

ताऱ्याचे दोन प्रकार आहेत आणि दोन्हींवर तलवारी एकमेकींना छेदून गेलेल्या असतात. फ्रान्स आणि बेल्जियमच्या रणभूमीवर ऑगस्ट ते नोव्हेंबर १९१४ मध्ये असलेल्यांना मिळालेल्या ताऱ्यावर मध्यभागी ‘१९१४’ असते आणि वर-खाली त्या दोन महिन्यांची इंग्रजी आद्याक्षरे असतात. इतर रणभूमींवर १९१४ आणि १९१५ मध्ये गेलेल्यांच्या ताऱ्यावर ‘१९१४-१५’ असते. आपला तारा कोणता, एवढ्यावरून ते कोणत्या दिशेला गेले याचा निम्मा उलगडा होईल.

बाळीवेस, सोलापूर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. काल रात्री मामंजींना शेजारी बसवून, भिंगातून पाहत आम्ही सर्व वाचून काढले. ताऱ्याच्या मध्यभागी ‘१९१४-१५’ असे आहे. मागे क्रमांक, ‘शिपाई’ हा शब्द, त्यांचे नाव आणि शेवटी ‘११७ मराठाज’ असे इंग्रजीत उमटवलेले आहे.

मोडीच्या ओळी आमच्या ओळखीच्या एका मोडी वाचणाऱ्या गृहस्थांनी लावून दिल्या. त्यांचा आशय असा की, आश्विनात मुंबईहून बोट सुटली, आमच्या बोटींबरोबर असे जहाज होते, काळजी करू नये. कार्ड पाकिटातून घरी आले असावे.

११७ मराठा ही पलटण स्विफ्टशुअरच्या संरक्षणात गेली होती का?

कंबर तलाव, सोलापूर

आपण अक्षर न् अक्षर तपासून लिहिलेत, त्यामुळे आता ठामपणे सांगता येते. ११७ मराठा ही पलटण जनरल डेलामेन यांच्या १६ व्या ब्रिगेडमध्ये होती. ही ब्रिगेड १६ ऑक्टोबर १९१४ रोजी मुंबईहून निघाली. ती फ्रान्सला गेली नाही, आफ्रिकेलाही गेली नाही. तिला इराणच्या आखाताकडे वळवण्यात आले आणि २३ ऑक्टोबरला ती बहरीनला पोहोचली. त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होती, त्यामुळे कार्डावरचा आश्विन महिनाही जुळतो. तुर्कस्तान युद्धात उतरल्यावर ६ नोव्हेंबरला ही ब्रिगेड आखाताच्या टोकाशी फाओ येथे उतरली आणि मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकची, मोहीम सुरू झाली.

आखातापर्यंत त्या बोटींना सोबत करणारी युद्धनौका मात्र स्विफ्टशुअर नव्हती. ती ‘ओशन’ होती. ओशन कॅनोपस वर्गातील, १८९८ मध्ये पाण्यात उतरलेली नौका. म्हणजे स्विफ्टशुअरपेक्षा जुनी, पण तोफा १२ इंची. फाओच्या वेळी ती नदीच्या मुखाशी असलेला वाळूचा बांध ओलांडू शकत नव्हती, कारण तिला पाणी खोल लागे. म्हणून किल्ल्यावर तोफा डागण्याचे काम ‘ओडिन’ या लहान जहाजाने केले.

मग स्विफ्टशुअरचे चित्र का? आपण दिलेल्या मोडी ओळीतील एका शब्दाकडे मी लक्ष वेधू इच्छितो. आजोबांनी ‘हे जहाज’ असे लिहिलेले नाही, त्यांनी ‘असे जहाज’ लिहिले आहे. कोसभर पसरलेली नदी हीच ज्यांची पाण्याची मोठ्यात मोठी कल्पना, अशा घरच्या माणसांना केवढे मोठे जहाज आपल्या सोबतीला आहे हे त्यांना दाखवायचे होते. स्विफ्टशुअर दीड वर्ष ध्वजनौका म्हणून या समुद्रात होती, तेव्हा मुंबईच्या बाजारात चित्र मिळत असावे ते तिचेच. त्यांनी शब्द अगदी काटेकोर वापरला. घोटाळा झाला तो नंतरच्या पिढ्यांच्या सांगण्यात. मला हा माणूस फार आवडला.

पायाच्या गोळीबद्दल सांगायचे, तर ११७ मराठा १२ ते १४ एप्रिल १९१५ या दिवसांत बसऱ्याजवळच्या शैबाच्या लढाईत होती आणि वर्षभरात जखमी होऊन परत येण्याशी ते जुळते. जे मागे राहिले त्यांच्या वाट्याला मेसोपोटेमियातील कूत या गावाला तुर्कांनी घातलेला वेढा आणि २९ एप्रिल १९१६ ची शरणागती आली.

जलपर्यटक, पंढरपूर

ही चर्चा मी सुरुवातीपासून वाचतो आहे. स्विफ्टशुअरचे पुढे काय झाले हेही कृपया लिहावे. चित्र तर तिचेच आहे, मग कुलवृत्तान्तात चित्राखाली तिची माहिती पूर्ण हवी.

कंबर तलाव, सोलापूर

अवश्य. ९ नोव्हेंबर १९१४ रोजी ऑस्ट्रेलियाच्या ‘सिडनी’ने कोकोस बेटांजवळ एम्डेनला निकामी केले आणि हिंदी महासागरातील मोठा धोका टळला. डिसेंबरमध्ये स्विफ्टशुअर सुवेझ कालव्याच्या रक्षणासाठी गेली. कालव्याच्या काठावर खंदक खोदून बसलेली फौज बहुतांशी हिंदी होती. अरुंद कालव्यात जागोजागी युद्धनौका उभ्या करून त्यांच्या तोफा वाळवंटाकडे वळवण्यात आल्या होत्या. जणू तरंगते बुरूजच. जमाल पाशाच्या तुर्की सैन्याने २ फेब्रुवारी १९१५ च्या रात्री तुसूमजवळ होड्या घालून कालवा ओलांडण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला. त्या दिवसांत स्विफ्टशुअर उत्तरेला कंटारा येथे होती. ओशनही आखातातून येऊन कालव्याच्या रक्षणात सामील झाली होती. रॉयल इंडियन मरीनचे ‘हार्डिंग’ हे आपल्याकडचे जहाज तिम्सा सरोवराजवळ तुर्की तोफांच्या माऱ्यात सापडले आणि त्याच्या धुराड्याला गोळे लागले.

फेब्रुवारीच्या अखेरीस स्विफ्टशुअरला दार्दानेल्स या तुर्कस्तानातील सामुद्रधुनीकडे पाठवण्यात आले. २ मार्चला तिने दार्दानोस किल्ल्यावर मारा केला, मग चार-पाच दिवस स्मर्नाच्या मोहिमेवर जाऊन ती परतली आणि १८ मार्चच्या मोठ्या हल्ल्यात उतरली. तो दिवस दोस्तांना फार महाग पडला. ‘नुसरत’ या तुर्की जहाजाने दहा दिवस आधी रात्रीतून गुपचूप पेरलेल्या सुरुंगांच्या रांगेने फ्रेंच ‘बूव्हे’ आणि ब्रिटिश ‘इर्रेझिस्टिबल’ यांचा बळी घेतला. इर्रेझिस्टिबलच्या मदतीला गेलेली तिसरी नौका संध्याकाळी सुरुंगावर आदळून रात्री बुडाली. तिच्यावरचे बहुतेक लोक विनाशिकांनी वाचवले. ती तिसरी नौका म्हणजे ओशन. आपल्या आजोबांना सुखरूप बहरीनला पोहोचवून अजून पाच महिनेही झाले नव्हते.

२५ एप्रिलला दार्दानेल्सलगतच्या गॅलिपोली द्वीपकल्पावर, हेलेसच्या टोकाशी डब्ल्यू किनाऱ्यावर लँकेशायर फ्युझिलिअर्सची पलटण उतरली, तेव्हा ‘युरिआलस’ आणि स्विफ्टशुअर पाठीशी होत्या. किनाऱ्यावरच्या काटेरी तारा त्या तोफांनी तुटल्या नाहीत आणि पलटणीचे अतोनात नुकसान झाले. समुद्रातून सपाट मारा करणाऱ्या तोफा उंचवट्याआडच्या खंदकांवर फारशा परिणामकारक ठरत नाहीत, हे गॅलिपोलीत पुन्हा पुन्हा दिसले. ४ जूनच्या क्रिथियाच्या लढाईतही ती होती. त्या दिवशी गली रॅव्हीनमध्ये १४ शीख पलटणीचे निम्म्याहून कितीतरी अधिक लोक पडले. तिची बहीण ट्रायम्फ २५ मे रोजी गाबा तेपेजवळ यू-२१ या जर्मन पाणबुडीच्या पाणतीराने (टॉर्पेडोने) बुडाली. सप्टेंबरमध्ये मुद्रोसहून सुव्हलाकडे जाताना स्विफ्टशुअरवरही पाणबुडीने पाणतीर सोडला होता, पण तो चुकला.

उरलेले थोडक्यात सांगतो. जानेवारी १९१६ मध्ये तिने बल्गेरियाच्या देदेआगाच बंदरावर तोफा डागल्या, मग वर्षभर अटलांटिकमध्ये गस्त घातली आणि एप्रिल १९१७ मध्ये ती इंग्लंडला परतली. पाणबुड्यांविरुद्धच्या लहान जहाजांना माणसे हवी होती, म्हणून तिच्यावरचे लोक काढून तिकडे दिले गेले. १९१८ मध्ये तिच्या तोफा उतरवून, ऑस्टेंड बंदराच्या तोंडाशी आडवी बुडवण्यासाठी तिला तयार करण्यात आले. तेवढ्यात युद्ध संपले. शेवटी नेमबाजीच्या सरावासाठी तिचा उपयोग झाला आणि जून १९२० मध्ये ती भंगारात विकली गेली.

माझे मत स्पष्टपणे मांडतो. दार्दानेल्सच्या किल्ल्यांवर तिने टाकलेल्या शेकडो गोळ्यांपेक्षा, एकही गोळा न टाकता मुंबई-एडन मार्गावर तिने घातलेल्या फेऱ्या अधिक मोलाच्या होत्या. युद्धनौकांच्या चरित्रांत या फेऱ्यांना एक ओळ मिळते, कारण त्यांत काही घडले नाही. काही घडले नाही म्हणूनच पंजाबपासून दख्खनपर्यंतच्या घरांतले ते लोक निदान रणभूमीपर्यंत जिवंत पोहोचले.

बाळीवेस, सोलापूर

हे सारे मी मामंजींना मोठ्याने वाचून दाखवले. आजोबा लढाऊ जहाजावर नव्हते हे ऐकून ते थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी कार्ड उलटे केले, भिंग मागितले आणि मोडी येत नसतानाही ‘असे’ हा शब्द नेमका कोठे आहे ते माझ्याकडून बोट ठेवून दाखवून घेतले. ते म्हणाले, आजोबा बोलताना शब्द तोलून बोलायचे, हे लिहिणे त्यांचेच.

कुलवृत्तान्ताचा मजकूर आज पाठवते आहे. चित्राखाली स्विफ्टशुअरचे नाव राहील आणि हकिकतीत ओशनचे जाईल. मोडी ओळींचे छायाचित्रही मोठे करून शेजारीच छापावे असे मामंजींनी सांगितले आहे. पदक घासलेले नाही. ते पुन्हा त्याच चादरीच्या तुकड्यात ठेवले आहे.